प्रथिनांपलीकडचा कॅन्सर

२००३ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठींची एक तुलना झाली. गाठी सगळ्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, शस्त्रक्रियेने काढलेल्या. काही रुग्णांचा आजार तेवढ्यावर थांबला होता, काहींच्या शरीरात तो पुढे इतरत्र उगवला होता. या दुसऱ्या गटाच्या गाठींमध्ये एक आरएनए ठळकपणे जास्त सापडला. आठ हजारांहून अधिक अक्षरे लांबीचा, आणि तरीही ज्याच्यावरून कोणतेच प्रथिन तयार होत नाही असा. त्याचे नाव मॅलॅट-१ पडले. सुरुवातीच्या गाठीत तो जास्त असेल तर आजार पसरण्याचा धोका जास्त, एवढे त्या पाहणीतून निघाले.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांमध्ये मॅलॅट-१ चे जनुक निकामी केले. काही उंदरांना इंजेक्शनातून डीएनएसारखे छोटे तुकडे देऊन तयार झालेला आरएनए नष्ट केला. गाठींची वाढ मंदावली, त्यांतल्या पेशी पुन्हा ग्रंथीच्या पेशींसारख्या दिसू लागल्या, फुप्फुसांतल्या दुय्यम गाठी घटल्या. दोनच वर्षांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधून नेमका उलटा निष्कर्ष आला. उंदरांना कॅन्सर घडवून आणण्याची पद्धत तीच होती. पण मॅलॅट-१ च्या जनुकाच्या सुरुवातीलाच थांब्याचा संकेत घुसवून आरएनए बनणे बंद केले, तेव्हा कॅन्सर फुप्फुसांत जास्त पसरला. आणि तोच आरएनए जनुकीय मार्गाने परत पुरवला की पसरणे आटोक्यात आले.

दोन्ही प्रयोग निष्णात हातांचे, दोन्ही चांगल्या नियतकालिकांत तपासून छापलेले. यातले खरे कोणाचे, याचा निवाडा अजून सर्वमान्य झालेला नाही. कॅन्सरमधील अशा प्रथिन न बनवणाऱ्या लांब, म्हणजे लाँग नॉनकोडिंग, आरएनएंविषयी पुस्तक लिहायचे तर वाचकाला प्रथम इथे आणून उभे करावे, असे मला वाटले. एखादा आरएनए गाठीत वाढलेला दिसतो, म्हणून तो गाठ वाढवतो का? तो काढल्यावर फरक पडला, तर तो आरएनए गेल्यामुळे पडला की त्या जागचा डीएनए बिघडल्यामुळे? हे दोन प्रश्न या क्षेत्राचा कणा आहेत, आणि ते जितक्या वेळा विचारायला हवेत तितक्या वेळा विचारले जात नाहीत.

थोडे मागे जाऊ. कॅन्सरचे आधुनिक जीवशास्त्र म्हणजे मुख्यतः प्रथिनांचे जीवशास्त्र. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, हा क्रम फ्रान्सिस क्रिकने १९५८ मध्ये मांडला आणि शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचवला गेला तो याच सुटसुटीत रूपात. आरएनएच्या वाट्याला निरोप्याचे काम आले. पुढे सार्क, रास, पी-५३ अशी एकामागून एक जनुके सापडली. त्यांच्या बिघाडातून कॅन्सर कसा घडतो ते त्यांच्या प्रथिनांवरून कळले. औषधेही तिकडेच वळली. स्तनाच्या कॅन्सरवरचे ट्रॅस्टुझुमॅब हर-२ या प्रथिनाला चिकटते, रक्ताच्या एका कॅन्सरवरचे इमॅटिनिब एका विकराच्या खाचेत जाऊन बसते. या यशामुळे उरलेल्या डीएनएकडे पाहायची कोणाला निकड वाटली नाही. सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये ‘जंक डीएनए’ हा शब्द वापरला होताच.

मानवी जीनोमचा मसुदा २००१ मध्ये आला आणि प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या मोजणीत प्रथिने सांगणारी जनुके जेमतेम वीस हजारांच्या आसपास भरली. सुमारे तीन अब्ज अक्षरांतला प्रथिने सांगणारा भाग दोन टक्क्यांच्याही आत. उरलेल्या भागाचे काय, हा प्रश्न आता टाळता येईना. जपानच्या रिकेन संस्थेतल्या फॅन्टम प्रकल्पाने उंदराच्या पेशींतले आरएनए गोळा करून मोजायला घेतले. २००२ आणि २००५ च्या त्यांच्या निबंधांनी दाखवले की जीनोमचा फार मोठा भाग आरएनएमध्ये उतरवला जातो, आणि त्यातला बराच प्रथिनांसाठी नसतो. २०१२ मध्ये एन्कोड या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तर जीनोमच्या ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक कार्य असल्याचे म्हटले. वर्षभरात डॅन ग्राउर आणि सहकाऱ्यांनी त्यावर असा काही हल्ला चढवला की त्या निबंधाची भाषा आजही विद्यार्थी चवीने वाचतात. ग्राउर यांचा मुद्दा साधा होता. एखाद्या जागी रासायनिक हालचाल दिसली म्हणजे तिथे उत्क्रांतीने जपलेले कार्य असते, हे गृहीतच कशाच्या आधारावर धरले?

या वादात एका टोकाला ऑस्ट्रेलियाचे जॉन मॅटिक उभे राहिले. गुंतागुंतीच्या प्राण्यांचे नियंत्रण मुख्यतः आरएनएच्या जाळ्यातून चालते, असे ते कित्येक वर्षे आग्रहाने मांडत आहेत. दुसऱ्या टोकाला, पेशीतली यंत्रणा थोडीफार गबाळी असते, ती नको तिथेही आरएनए बनवते आणि पेशी तो निमूटपणे मोडून टाकते, असे मानणारे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे थोडा अधिक आहे हे आधीच सांगून टाकतो. पण मॅटिक यांचा आग्रह नसता, तर ज्या मूठभर आरएनएंचे काम आज पक्के माहीत आहे तेही कोणी इतक्या नेटाने शोधले असते असे वाटत नाही.

त्यांतली सर्वांत पक्की उदाहरणे या सगळ्या गदारोळाच्या आधीची आहेत, हे मात्र लक्षात घ्यावे. एच-१९ हा आरएनए उंदराच्या पेशींत १९८४ मध्ये मिळाला, आणि तो प्रथिन न बनवताच काम करत असावा हे १९९० मध्ये स्पष्ट झाले. एक्झिस्ट १९९१ चा. स्त्रीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक गप्प केलेले असते, ही मेरी लायन यांची १९६१ ची कल्पना. ते गप्प करणारा आरएनए म्हणजे एक्झिस्ट. ज्या गुणसूत्रावरून तो बनतो त्यालाच तो वेढून बसतो. उंदरांच्या रक्तपेशींतून एक्झिस्टचे जनुक काढून टाकल्यावर त्यांना रक्ताचा आक्रमक कॅन्सर होतो, हे २०१३ मध्ये दिसले. आरएनए हाच कर्ता असू शकतो याचा इतका निर्विवाद दाखला पुढच्या हजारो आरएनएंपैकी फारच थोड्यांना मिळाला.

आणि ‘लाँग’ म्हणजे किती? दोनशे अक्षरांहून लांब. ही मर्यादा प्रयोगशाळेतल्या शुद्धीकरणाच्या पद्धतीतून आली. त्या पद्धतीत त्याहून आखूड तुकडे गळून जात. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ती पाचशेवर न्यावी असे सुचवले. म्हणजे एकाच नावाखाली स्वभाव, वय, जागा आणि नशीब यांत कसलेही साम्य नसलेले रेणू कोंबलेले आहेत. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने सात हजारांहून अधिक नमुन्यांतले आरएनए तपासून ५८ हजारांहून जास्त लाँग नॉनकोडिंग आरएनए जनुकांची यादी केली, त्यात गाठींचे नमुने मोठ्या संख्येने होते. यादी मोठी, पण त्यांतल्या कित्येकांची सरासरी पेशीमागे एक प्रतसुद्धा भरत नाही.

आता हे आरएनए करतात काय, याबद्दलची मते. सर्वांत गाजलेली कल्पना हॉटएअरची. जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांनी २००७ मध्ये स्टॅनफर्डहून सांगितले की हा आरएनए एका गुणसूत्रावर बनतो आणि दुसऱ्या गुणसूत्रावरची जनुके बंद करतो, आणि ते करताना पीआरसी-२ हा प्रथिनांचा समूह सोबत घेऊन जातो. २०१० मध्ये त्यांच्याच कामातून दिसले की स्तनाच्या ज्या गाठींत हॉटएअर जास्त, त्या जास्त पसरतात. वाटाड्या आरएनए आणि त्याच्यामागून जाणारी प्रथिने, हे चित्र इतके देखणे होते की पुढच्या कित्येक आरएनएंना तेच लागू करण्यात आले. मग टॉमस चेक यांच्या गटाने दाखवले की पीआरसी-२ कोणत्याही आरएनएला सर्रास चिकटतो. २०१७ च्या एका प्रयोगात हॉटएअर मुद्दाम एका जनुकाजवळ बांधून ठेवला, तर पीआरसी-२ नसतानाही ते जनुक बंद झालेच. हॉटएअर आणि कॅन्सरचा संबंध त्याने पुसला जात नाही. पण संबंध कसा घडतो याची सांगितलेली गोष्ट मात्र डळमळते.

दुसरी कल्पना शोषणाची. छोटे मायक्रोआरएनए जनुकांच्या निरोपांना चिकटून ते बंद पाडतात. २०२४ चे नोबेल ज्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळाले, तेच हे. एखाद्या लांब आरएनएवर त्यांच्यासाठी चिकटण्याच्या जागा असतील तर तो त्यांना अडवून धरेल आणि खरी जनुके मोकळी सुटतील, अशी ही मांडणी. २०१० मध्ये पीटेन या कॅन्सररोधक जनुकाच्या निकामी भावंडाबाबत हे सुचवले गेले. हिशोब मात्र जमत नाही. २०१४ मध्ये यकृताच्या पेशींत मायक्रोआरएनए आणि त्यांच्या चिकटण्याच्या जागा मोजल्या तेव्हा लक्षात आले की एकट्या आरएनएने परिणाम घडवायला त्याच्या प्रती प्रचंड वाढाव्या लागतील, बहुतेक पेशींत आढळतात त्याहून कितीतरी जास्त. तरीही ‘अमुक आरएनए तमुक मायक्रोआरएनए शोषून अमक्या जनुकाला मोकळे करतो आणि कॅन्सरची वाढ व प्रसार घडवतो’ या साच्याचे निबंध धडाधड निघत राहिले. तीन नावे बदलली की नवा निबंध. यांतले बरेच निबंध पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या कारखान्यांचे असावेत, हा संशय आता उघडपणे बोलला जातो. हिंदावी या प्रकाशनाने २०२३ मध्ये निरनिराळ्या विषयांतले आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. म्हणून या पुस्तकात शोषणाच्या कल्पनेला मी जाणूनबुजून कमी पाने दिली आहेत.

तिसरी मांडणी मला सर्वांत जास्त शिकवून गेली, तिथे थोडे थांबतो. आठव्या गुणसूत्रावर मिक हे कुप्रसिद्ध जनुक आहे. असंख्य कॅन्सरांत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात. त्याच्या शेजारी, साधारण ५५ हजार अक्षरांवर, पीव्हीटी-१ हा लाँग नॉनकोडिंग आरएनए सुरू होतो. २०१४ मध्ये कळले की ज्या कॅन्सरांत मिकच्या प्रती वाढतात त्यांतल्या ९८ टक्क्यांहून अधिक कॅन्सरांत पीव्हीटी-१ च्याही वाढतात, आणि उंदरांत नुसत्या मिकची जादा प्रत पुरत नाही. शेजारचा भागही सोबत वाढला तर गाठी होतात. म्हणजे पीव्हीटी-१ मिकचा साथीदार, असे सगळ्यांनी धरले. २०१८ मध्ये चँग यांच्याच प्रयोगशाळेतून धक्का आला. पीव्हीटी-१ सुरू करणारा डीएनएचा तुकडा बंद केला तर स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी अधिक जोमाने वाढल्या, आणि त्यात पीव्हीटी-१ आरएनएचा काही हातच नव्हता. दोन्ही जनुकांना चालना देणारे डीएनएचे तुकडे सामाईक आहेत. पीव्हीटी-१ चा आरंभबिंदू ती चालना आपल्याकडे ओढतो, तो मोडला की सगळी मिककडे जाते. एकाच पत्त्यावर आरएनए कॅन्सरला मदत करू शकतो आणि डीएनए त्याला आवरू शकतो. कात्रीने ती जागाच कापली की दोन्ही एकदम जातात.

प्रसाराच्या यंत्रणेचेही एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. गाठीतली पेशी दूर जायची तर आधी शेजारणींना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन तिला सोडावे लागते. ते बंद करणाऱ्यांपैकी एक झेब-२. झेब-२ च्या आरएनएच्या सुरुवातीला एक तुकडा असतो, तो एरवी कापून टाकला जातो. २००८ मध्ये बार्सिलोनात दिसले की झेब-२ च्या उलट्या दिशेने बनणारा एक नॉनकोडिंग आरएनए या कापण्याच्या जागेवर जाऊन बसतो आणि तुकडा तसाच राहू देतो. त्या तुकड्यात प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला आत घेणारी जागा असते. तो राहिला की झेब-२ प्रथिन भरपूर बनते, ई-कॅडहेरिन घटते, पेशी सुटी होते. इथे प्रत्येक पायरी तपासता येते. अशी पायरी-पायरीची गोष्ट किती आरएनएंबद्दल सांगता येते, हे वाचकाने पुढच्या प्रकरणांत स्वतः मोजावे.

व्यापक चाळणीचे प्रयोगही झाले आहेत. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राच्या एका प्रकाराने १६,४०१ लाँग नॉनकोडिंग आरएनएंच्या जागा सात प्रकारच्या पेशींत एकेक करून दाबून पाहिल्या. ४९९ जागा पेशींच्या वाढीसाठी गरजेच्या निघाल्या आणि त्यांतल्या ८९ टक्के फक्त एकाच प्रकारच्या पेशीत. उपचारांच्या दृष्टीने ही मोठी आशेची गोष्ट, कारण इतर पेशींना धक्का न लावता कॅन्सरच्या पेशी गाठता येतील. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात सॅमसन या आरएनएचे असेच आहे: दहातल्या नऊ मेलॅनोमांत तो असतो, आणि त्याला दाबले की त्या पेशी तग धरत नाहीत. दुसऱ्या बाजूला, २,६५८ कॅन्सरांचे संपूर्ण जीनोम एकत्र अभ्यासणाऱ्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला प्रथिनांबाहेरच्या भागात कॅन्सर घडवणारी उत्परिवर्तने अपेक्षेपेक्षा फार कमी मिळाली. मॅलॅट-१ आणि नीट-१ या लाँग नॉनकोडिंग आरएनएंच्या जनुकांत बिघाडांची गर्दी दिसली खरी, पण ती बहुधा या जनुकांच्या सततच्या वापरातून साचलेली, कॅन्सरचे कारण म्हणून निवडली गेलेली नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

रुग्णालयात मात्र कारण कळेपर्यंत थांबावे लागत नाही. पीसीए-३ हा आरएनए १९९९ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सापडला. डॉक्टर गुदद्वारातून प्रोस्टेट ग्रंथी हलकेच दाबतात, त्यानंतरची पहिली लघवी घेतात, आणि तिच्यातल्या पीसीए-३ आरएनएचे पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाच्या आरएनएशी प्रमाण काढतात. आधीच्या बायोप्सीत कॅन्सर सापडला नसेल आणि हा आकडा २५ च्या खाली असेल तर पुन्हा बायोप्सी केल्यास कॅन्सर सापडण्याची शक्यता कमी. अमेरिकेत या चाचणीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पीसीए-३ त्या पेशीत नेमके काय करतो, हे चाचणीला माहीत असण्याची गरज नव्हती. खूण आणि कारण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खुणेचे मोल कमी नाही.

औषधांचा हिशोब वेगळा. लाँग नॉनकोडिंग आरएनएवर नेम धरणारे कॅन्सरचे एकही औषध अजून मान्य झालेले नाही. आरएनएवर नेम धरता येतो यात शंका राहिलेली नाही. पाठीच्या कण्यातील चेतापेशी झिजवणाऱ्या आजारावरचे न्युसिनर्सेन २०१६ पासून तेच करते आहे. अडचण पोचवण्याची. असे रेणू यकृतात सहज जमतात, मणक्याच्या द्रवात थेट सोडता येतात, पण शरीरभर विखुरलेल्या दुय्यम गाठींच्या आत पुरेसे पोचत नाहीत. आणि आधी सांगितलेला पेच आहेच: ज्या आरएनएला दाबले तर कॅन्सर कमी होतो की वाढतो यावर दोन प्रयोगशाळांचे एकमत नाही, तो माणसात दाबायला कोण धजेल?

आपल्याकडे हा विषय का वाचायचा, असे कोणी विचारेल. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांत आहे, आणि तंबाखू चघळण्याची सवय महाराष्ट्रात किती खोल आहे ते सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारताने नेमका गाल-हिरडीचा कॅन्सर निवडला; पश्चिम बंगालमधील कल्याणीची संस्था आणि नवी मुंबईतल्या खारघरचे ॲक्ट्रेक यांचे ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भर होता प्रथिने सांगणाऱ्या भागाच्या वाचनावर, आणि तेव्हाच्या खर्चाच्या हिशोबाने ते योग्यही होते. त्याच गाठींतला प्रथिनांपलीकडचा भाग आता वाचणे परवडू लागले आहे. तो वाचणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण मराठी माध्यमातून आलेले असतील. त्यांच्यासाठी विशेषतः हे पुस्तक लिहिले.

पुस्तकाची रचना आरएनएंच्या नावांनुसार केलेली नाही, पुराव्याच्या प्रकारांनुसार केली आहे. प्रत्येक प्रमुख आरएनएसाठी शेवटी एक तक्ता आहे, त्यात चार रकाने: गाठीत तो वाढतो किंवा घटतो का, तो दाबल्यावर काय होते, जागा न दुखावता तोच आरएनए परत दिला तर परिणाम उलटतो का, आणि रुग्णांच्या नमुन्यांत हे सारे जुळते का. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे, आणि तो भरण्याचा मोह मी टाळला आहे. मायक्रोआरएनए आणि वर्तुळाकार आरएनए यांना मुद्दाम वगळले. दोन्ही स्वतंत्र पुस्तकांचे विषय आहेत. काही ‘नॉनकोडिंग’ आरएनएंवरून प्रत्यक्षात चिमुकली प्रथिने बनतात असे दिसू लागले आहे, त्यावर एक छोटे प्रकरण आहे आणि ते लवकरच जुने होईल.

बारावीपर्यंतचे जीवशास्त्र आठवत असेल तर पहिल्यापासून वाचावे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी थेट पीव्हीटी-१ च्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. घरात कोणी आजारी आहे म्हणून हे पुस्तक हाती घेतले असेल, तर उपचाराचा निर्णय यातल्या कशावरही ठरवू नये. तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. चाचण्यांचे प्रकरण मात्र त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नाही.